आधी पासबुक, मग शेअर बाजार

पालकहो, मुलांना गुंतवणूक शिकवायची म्हटलं की आपण थेट शेअर बाजारावर येतो. माझा आग्रह आहे की मुलाला आधी व्याज कळू द्या, आणि तेही त्याच्या स्वतःच्या पैशावर.

सात-आठ वर्षांच्या मुलासाठी घरातच बँक काढा. वर्षाला चार टक्के व्याज म्हणजे ५०० रुपयांवर २० रुपये, तेही वर्षभराने; एवढा धीर त्या वयाला नसतो. म्हणून घरचा दर महिन्याला दोन टक्के ठेवा. पहिल्या महिन्यात ५०० चे ५१०, दुसऱ्यात ५२० रुपये २० पैसे, तिसऱ्यात ५३० रुपये ६० पैसे. हिशेब मुलाने वहीत स्वतः मांडायचा. ते २० पैसे कुठून आले, हे त्यालाच शोधू द्या. आधीच्या १० रुपये व्याजावरचं ते व्याज आहे. बारा महिन्यांनी ६३४ रुपये १२ पैसे होतात, सरळव्याजाने ६२० च झाले असते. मात्र हा दर घरापुरताच आहे, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर पुढे कुणी महिन्याला दोन टक्क्यांची स्कीम घेऊन आलं, तर त्याला त्यात काहीच वावगं वाटणार नाही. आणि भाजीला सुटे हवेत म्हणून मुलाच्या गल्ल्यात हात घालू नका. घेतलेले परत ठेवले नाहीत, तर मूल बचत करायला नाही, पैसे लपवायला शिकतं.

दहा वर्षं पूर्ण झाली की पोस्टात मुलाच्या नावाने बचत खातं निघतं आणि ते त्यालाच चालवता येतं. सुरुवातीला ५०० रुपये लागतात. इथे एक बारकावा मुलाला जरूर दाखवा. पोस्ट दर महिन्याचं व्याज १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर देतं. भाऊबीजेची ओवाळणी १२ तारखेला भरली, तर त्या महिन्याचं व्याज बुडालं. २८ तारखेला पैसे काढले तरी तेच. एप्रिलमध्ये मुलाला बरोबर नेऊन पासबुक भरून घ्या, व्याजाची नोंद त्याने स्वतः वाचली पाहिजे. सोबत महिना १०० रुपयांचं आवर्ती खातं काढा. पाच वर्षांत ६००० भरून ६.७ टक्के दराने सुमारे ७१३६ मिळतात. हप्ता चुकला तर शंभरामागे महिना एक रुपया दंड, तो मुलाच्याच पैशातून जाऊ द्या.

बाजार तेरा-चौदाव्या वर्षी. त्याआधी त्याला निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरवरून काढलेल्या निर्देशांकाचा, २०२० चा आलेख दाखवा. जानेवारीतल्या उच्चांकाला घातलेले १००० रुपये २३ मार्चला सुमारे ६१५ उरले होते, त्या एका दिवसात निर्देशांक जवळजवळ तेरा टक्के घसरला. आलेख तिथेच हाताने झाका आणि विचारा, ‘तू विकले असतेस का?’ उत्तर वहीत लिहून घ्या, मगच हात काढा. नोव्हेंबरमध्ये निर्देशांक जुन्या पातळीवर परतला होता. पण एकट्या कंपनीचा शेअर परत येईलच असं नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. याच पन्नास कंपन्यांत पैसे वाटून लावणाऱ्या इंडेक्स फंडाने (निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडाने) सुरुवात करायची ती म्हणूनच.

शाळांतल्या लुटुपुटीच्या शेअर स्पर्धा मला धोक्याच्या वाटतात. महिनाभरात ज्याची रक्कम सर्वांत जास्त वाढली तो पहिला, असा नियम असला की जिंकतो तो सगळे पैसे एकाच शेअरवर लावणारा, आणि वर्ग त्यालाच हुशार समजतो. स्पर्धा घ्यायचीच तर वर्षभराची घ्या आणि बक्षीस खरेदीमागचं कारण नीट लिहिणाऱ्याला द्या.

मुलाच्या नावाने फंड घेताना जन्मदाखला, मुलाचं बँक खातं आणि पालकांचं केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) लागतं. सहधारक चालत नाही. पैसे काढले की ते मुलाच्याच खात्यात येतात. नफा मात्र करासाठी आई-वडिलांपैकी ज्यांचं उत्पन्न जास्त, त्यांच्या उत्पन्नात धरतात. अठरा पूर्ण झाली की एसआयपी (फंडात दरमहा आपोआप जाणारा हप्ता) थांबते आणि सज्ञान म्हणून केवायसी, बँक खातं बदलेपर्यंत पैसे काढता येत नाहीत. नेमकी तेव्हाच कॉलेजची फी भरायची असते. म्हणून वाढदिवसाच्या तीन महिने आधीच कागद जमवायला लागा, आणि अर्ज मुलालाच भरू द्या.