आधी पिल्लं जेवणार

मे महिना, सकाळचे साडेसहा वाजलेत आणि हा विदर्भातल्या नागझिरा अभयारण्यातला तलाव. पाणी बरंच मागे सरलंय, काठाला भेगा पडलेला गाळ दिसतोय, आणि त्या पाण्यात पोटापर्यंत उतरून सांबराची एक मादी उभी आहे. अजिबात हलत नाहीये, कान तेवढे फिरतायत. आता तिच्यावरून नजर काढा आणि काठाकडे बघा, त्या ऐनाच्या झाडाखाली. तांबूस काहीतरी बसलंय ना? एक, दोन, तीन... सात आहेत.

हे रानकुत्रे. कोणी कोळसून म्हणतं, कोणी कोळसुंदा. दिसायला आपल्या गल्लीतल्या कुत्र्याएवढे, वजन फार तर पंधरा-वीस किलो, अंग तांबडं, कान गोल आणि शेपटी काळी, झुपकेदार. नावात कुत्रा असला तरी हा प्राणी वेगळाच आहे बरं का, कुत्र्याला ४२ दात असतात तर याला ४०, कुत्रीला साधारण १० सडं असतात तर कोळसुनीला १२ ते १४, आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे हा कुत्र्यासारखा भुंकत बसत नाही. हा शीळ घालतो.

हो, शीळ. ऐका जरा... ही. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं कुठलातरी पक्षी आहे. बांबूच्या रांजीत दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, शिकारीच्या मागे पळताना कळप पार विखुरतो, मग जो तो शीळ घालत घालत बाकीच्यांना शोधतो आणि थोड्या वेळात सगळे पुन्हा एकत्र. जुने शिकारी तर रिकाम्या काडतुसाच्या तोंडावर फुंकर मारून अगदी तशीच शीळ काढायचे आणि कळपाला परत बोलवायचे. बोलवायचे कशाला, तर मारायला. इंग्रजांच्या काळात रानकुत्रा मारला की सरकारी बक्षीस मिळायचं, गोळ्या घातल्या, विष घातलं, कारण काय तर हा क्रूर आहे आणि साहेबांच्या शिकारीची हरणं खातो. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा कुठे याला संरक्षण मिळालं.

क्रूर का म्हणायचे ते आधी सांगतो. वाघ गळा धरतो, काही मिनिटांत संपतं. कोळसुनाच्या जबड्यात दीडशे किलोच्या सांबराचा गळा आवळायची ताकद नाही, म्हणून ते सगळे मिळून पाठीमागून, पोटाकडून तोडतात, आणि जनावर जिवंत असतानाच खायला लागतात. बघवत नाही हे खरंय. म्हणूनच बहुतेक लोक इथेच मान फिरवतात आणि पुढचं त्यांना कधी दिसतच नाही. आम्हीपण शिकारीचा तो भाग इथे दाखवत नाहीयोत, एवढंच सांगतो की तासाभराने दोघं पाण्यात शिरले, मादी बिथरून काठाकडे आली आणि तिथे बाकीचे पाच होते.

आणि मग कळप एकदम थांबला.

आमच्यासोबतचा गाईड हळूच म्हणाला, "गप्प बसा भाऊ, आता पिल्लं येतीन."

आणि बघा... त्या झुडपातून. चार आहेत. जन्मतात तेव्हा काळपट असतात, आता रंग तांबडा झालाय, वय असेल पाच-एक महिन्यांचं. इकडे तिकडे न बघता सरळ शिकारीवर, आणि मोठे सगळे बाजूला झाले. ज्यांनी पहाटेपासून धावपळ केली, ज्यांच्या तोंडाला अजून रक्त लागलंय, ते दोन पावलं मागे सरकून जंगलाकडे तोंड करून उभे राहिलेत. पहारा देतायत, कारण रक्ताच्या वासाने बिबट्या येऊ शकतो, वाघ येऊ शकतो. सिंहांच्या कळपात बहुतेक वेळा जो ताकदवान तो आधी खातो आणि उरलं तर लहानांचं. इथे उलट आहे. मला या प्राण्याबद्दल जे काही वाटतं ते या एका दृश्यामुळे वाटतं.

पिल्लं लहान असतात, बिळातून बाहेर पडत नाहीत, तेव्हाही हेच चालतं. बीळ म्हणजे बऱ्याचदा साळिंदराचं जुनं घर नाहीतर खडकाची कपार. आई पिल्लांपाशी, कधी आणखी एखादा मोठा राखणीला थांबतो, बाकीचे शिकारीला. ते पोटात मांस भरून आणतात, आणि पिल्लू येऊन तोंडाला तोंड लावलं की तिथेच ओकून देतात, पिल्लांना आणि त्यांच्या आईलापण. आणि देणाऱ्यांची स्वतःची पिल्लं असतातच असं नाही, कळपात सहसा एकच मादी विते, बाकीच्या मावश्या, काका, मोठी भावंडं. १९७० च्या दशकात वन्यजीव शास्त्रज्ञ ए. जे. टी. जॉनसिंग यांनी कर्नाटकात बांदीपूरला पायी फिरून या प्राण्याचा अभ्यास केला, आज आपल्याला कोळसुनाच्या घरातलं जे माहीत आहे त्याचा पाया तिथे घातला गेलाय.

गावात अजून एक गोष्ट सांगतात, की रानकुत्रा शेपटीने मूत उडवतो आणि जनावर आंधळं करून मारतो. तसं नाहीये. पण मुताची गंमत वेगळीच आहे, हद्दीची खूण करताना हा कधीकधी पुढच्या दोन पायांवर उभा राहतो, मागचं सगळं अंग हवेत, म्हणजे वास झुडपावर जरा उंच लागतो!

आज जगात पिल्लं देऊ शकतील असे मोठे कोळसून साधारण ९५० ते २२०० उरलेत असा अंदाज आहे. एवढेच. हरणं कमी झाली, जंगलाचे तुकडे झाले, नवेगाव आणि नागझिरा या दोन जंगलांच्या मधून तर हायवेच जातो, आणि गावातल्या कुत्र्यांकडून रेबीज, डिस्टेंपर असे रोग लागायची भीती आहेच, जो कळप तोंडाला तोंड लावून जेवतो तिथे एकाला लागलं की सगळ्यांना लागणार. जंगलाकडेच्या गावात कुत्र्यांना लस दिली तर त्याचा फायदा इथे, या तलावाच्या काठी होतो.

पिल्लांचं झालंय. पोटं बघा कशी टम्म फुगलीत, एक तर तिथेच आडवं झालं. आता मोठे जेवतायत, भांडण नाही, गुरगुर नाही, नुसती घाई. ती कडेची मादी, फाटक्या कानाची, ती अजून जंगलाकडेच तोंड करून उभी आहे. दुसरा एक येऊन तिच्या जागी उभा राहिला तेव्हा ती आली. तिच्या वाट्याला मागच्या पायाचं थोडं मांस आणि हाड.

बांबूतून शीळ आली. तिने मान वर केली, हाड तोंडात धरलं आणि निघाली.