तिसऱ्या नावानंतर

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या हिंदी सिनेमाचा विषय निघाला की आपण नट-नट्यांबद्दल बोलतो. मला मात्र आज कानांनी पाहिलेल्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे. कारण १९५० च्या आसपासचे कितीतरी सिनेमे आपल्यातल्या अनेकांनी आधी ऐकले आणि मग, जमलं तेव्हा, पाहिले.

१९४९ चा 'महल' घ्या. बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीतकार खेमचंद प्रकाश. त्यातल्या 'आयेगा आनेवाला'ची सुरुवात आठवून पाहा. आवाज आधी खूप लांबून येतो, कुठल्यातरी बंद दालनातून यावा तसा, आणि हळूहळू आपल्याजवळ येत जातो. आज हे काम एक बटण फिरवून होईल. तेव्हा खोलीच्या मध्यावर मायक्रोफोन ठेवला होता आणि लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या होत्या. गात गात एकेक पाऊल पुढे टाकायचं आणि मुखडा सुरू होताना नेमकं मायक्रोफोनपाशी पोचायचं. त्यांना तेव्हा वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ते गाणं मी जेव्हा जेव्हा ऐकतो, तेव्हा मला मधुबाला दिसायच्या आधी ती कोपऱ्यातून चालत येणारी मुलगी दिसते.

आणि तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! लोक रेडिओकडे विचारणा करू लागले, ही गाते कोण? तेव्हा कुठे खरं नाव शोधून सांगितलं गेलं.

लताबाईंना नाव मिळालं. पण त्या खोलीत त्या एकट्या नव्हत्या.

त्या काळी गाणं तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रित होत नसे. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकाच जागी. मायक्रोफोन मोजके, त्यामुळे कोण कुठे बसणार यावर सगळं अवलंबून. मोठ्या आवाजाचं वाद्य लांब, बारीक आवाजाचं जवळ. शेवटच्या ओळीत एखाद्या व्हायोलिनवाल्याचं बोट घसरलं तरी पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांनी वाजवायचं. शिवाय मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. एवढ्याशा वेळात मुखडा, अंतरे आणि मधले वाद्यांचे तुकडे चपखल बसवायचे. आज ती गाणी ऐकताना जो जिवंतपणा जाणवतो, तो मला वाटतं त्या एकत्र बसण्यातून आलेला आहे. सगळ्यांनी एकमेकांकडे कान लावलेला असायचा.

यात गोव्याहून आलेल्या वादकांचा वाटा फार मोठा. चर्चच्या शाळांमध्ये ते पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकलेले, व्हायोलिन आणि ट्रम्पेट लहानपणीच हातात आलेलं. संगीतकार चाल बांधायचा. तीस-चाळीस वाद्यांनी कुठे काय वाजवायचं हे कागदावर उतरवणारे अरेंजर बहुतेकदा हे असायचे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागचा व्हायोलिनचा तो भरलेला ताफा आठवतो ना? त्यामागे सेबॅस्टियन डिसूझा होते.

१९५४ च्या 'नागिन'मधली बीन तर तुम्हा सगळ्यांच्या कानात असेल. लहानपणी माझी खात्रीच होती की खराखुरा गारुडी आणून बसवला असणार. नाही. ते क्लॅव्हियोलिन होतं, विजेवर चालणारं, छोट्या पेटीसारख्या पट्ट्यांचं वाद्य. वाजवत होते कल्याणजी, पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले तेच, आणि हार्मोनियमची साथ होती पुढे संगीतकार झालेल्या रवी यांची. हेमंतकुमारांना त्या संगीतासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पण ज्या सुरावर आजही लग्नाच्या वरातीत पोरं रुमाल तोंडात धरून डोलतात, तो सूर कुणाच्या बोटांतून निघाला, हेही माहीत असायला हवं.

रेडिओवरून बोलतोय, तर एक गोष्ट इथेच सांगायला हवी. १९५२ मध्ये तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली. शास्त्रीय संगीताला त्यांनी मोठी जागा दिली, त्याबद्दल मला आदर आहे. पण सिनेसंगीताला हलकं समजण्यात त्यांची चूक झाली, असं मी मनापासून मानतो. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्राकडे वळवला. बुधवारी रात्री आठला निवेदक अमीन सायानींचा आवाज, मध्येच खरखर, मध्येच स्टेशन सरकायचं. मग १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली. त्याबरोबर आपल्या निवेदकांची ती छान शिस्तही रुजली: गायक, गीतकार, संगीतकार. मात्र या तिसऱ्या नावानंतर गाणं सुरू होतं आणि वाजवणारे राहून जातात. सिनेमाच्या श्रेयनामावलीतही त्यांना क्वचितच जागा मिळाली.

म्हणून मला १९५१ चा 'अलबेला' फार प्रिय आहे. भगवानदादा आणि गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकर ऊर्फ अण्णांचं. अण्णांनी बोंगो, क्लॅरिनेट, ट्रम्पेट अशी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडची वाद्यं आणली आणि त्यावर भगवानदादा त्यांच्या त्या सुप्रसिद्ध संथ, डुलत्या पावलांनी नाचले. ट्रम्पेट वाजवणारे आणि अण्णांना साथ देणारे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, याच सिनेमात आपल्या बँडसह पडद्यावरही आले आहेत.

'अलबेला' पुन्हा कधी लागला, तर भगवानदादांवरची नजर क्षणभर काढा आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या त्या ट्रम्पेटवाल्याकडे बघा.