म्हैस पान्हा चोरते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय बाजेवरच्या बाळंतिणीबद्दल. आपल्या लेकीबद्दल, सुनेबद्दल. पहिल्या आठवड्यात तिचं एकच रडणं असतं, मला दूधच येईना.

येतं, बाई. पण भरून यायला तीन-चार दिवस लागतात. तोवर येतो तो चीक. घट्ट, पिवळसर, चमचा-दोन चमचे. पहिल्या दिवशी बाळाचं पोटच एवढंसं असतं, त्याला तो पुरतो. खरवसाच्या चिकासाठी आपण शेजारी भांडं पाठवतो आणि बाईचा चीक मात्र पिळून टाकायला सांगतो! टाकू नका. पुन्हा सांगते, चीक टाकू नका.

आता माझंच ऐका. १९९३ सालचा मे महिना. पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी होते, सेलूजवळच्या आमच्या खेड्यात. पत्र्याचं घर, पाचवीचा दिवस, खोलीत अकरा बाया. मी मोजल्या होत्या, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं. छाती दगडासारखी तटलेली, पदर लागला तरी कळ जायची. लेकरू तोंड लावायचं, घसरायचं, टाहो फोडायचं. एक म्हणे मेथ्या द्या, दुसरी म्हणे नजर लागली, तिसरीनं बोटाला मध लावून तयार ठेवलेला. (मध वर्षभर नको हं बाळाला, बोटभरसुद्धा नको.) धाकटा भाऊ पावडरचा डबा आणायला चपला घालून ओट्यावर उभा.

तेवढ्यात चुलती आली. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण दावणीला तीन म्हशी. दारातूनच ओरडली, "आगं, एवढा बाजार कामून भरवलाय? परकं माणूस गोठ्यात आलं तर म्हैस पान्हा चोरती. ही तर बाई हाय!" सगळ्यांना बाहेर काढलं. माझ्या आईलासुद्धा. कडी लावली.

मग कोमट पाण्यात पंचा पिळून छातीवर ठेवला. बोंडाभोवतीच्या काळ्या भागामागं बोटं टेकवून मलाच हलक्या हातानं थोडं दूध वाटीत काढायला लावलं. म्हणाली, "कास तटली की रेडकालाबी धरता येत न्हाई." तो भाग मऊ पडला. लेकराचं झबलं काढून त्याला उघडंच माझ्या अंगावर ठेवलं. त्यानं मोठा आ केला तशी तिनं त्याला जवळ ओढलं. नुसतं बोंड नाही, काळा भागसुद्धा तोंडात, हनुवटी छातीला टेकलेली.

आणि स्वतः बाजेच्या पायथ्याशी वाती वळत बसली. माझ्याकडं पाठ करून.

बराच वेळ काहीच नाही. मग छातीत एकदम मुंग्या आल्यासारखं झालं. दुसऱ्या बाजूनं आपोआप दूध गळायला लागलं, पदर भिजला आणि लेकराच्या गळ्यातून घटक घटक आवाज. "सुटला पान्हा," ती मागं न बघता म्हणाली.

पुढं आरोग्यसेविकेचं शिक्षण घेताना कळलं, पान्हा सोडवणारं अंगातलंच एक संप्रेरक असतं, त्याला ऑक्सिटोसिन म्हणतात. बाळ ओढतं तसं ते सुटतं. भीती, लाज, दुखणं यांनी अडतं. आता खोलीत अकरा बाया नसतात, पण फोटो काढणारे मोबाईल असतात. आणि बारशाला डीजे! सोयाबीनला भाव नाही म्हणून रडायचं आणि बारा दिवसांच्या लेकरापुढं भिंती हादरवायच्या. असो.

वेळ थोडा राहिला. बोंडांना चिरा पडल्या तर बहुतेक वेळा पकड चुकलेली असते, ती आधी सुधारा. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा-सात लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. लंगोट मोजा, दूध मोजू नका. सहा महिने पाणीही नको, आपल्या उन्हाळ्यातसुद्धा नको. आईच्या दुधात बहुतेक पाणीच असतं. डिंकाचे लाडू खुशाल खा, पण दूध वाढतं ते बाळानं ओढल्यानं. छातीत लाल, दुखरी गाठ येऊन ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. पाजणं थांबवू नका.

आणि दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. सगळ्यांना बाहेर काढलंत तरी तिला तेवढं खोलीत येऊ द्या. तिच्यासमोर पाजून दाखवा. नमस्कार.