पगारपत्रकातले दोनशे रुपये

(पडद्यावर: मुंबईतल्या एका कर्मचाऱ्याचं पगारपत्रक. कॅमेरा कपातीच्या रकान्यावर स्थिरावतो.)

भविष्य निर्वाह निधी, आयकर आणि त्यांच्या खाली एक लहानशी रक्कम. व्यवसाय कर, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. 'पीटी कापला' म्हणायचं आणि हातात किती आले ते बघायचं, एवढाच आपला या रकमेशी संबंध. ती कशासाठी कापायला सुरुवात झाली, हे विचारलं तर वर्षानुवर्षं कर भरणाऱ्यांनाही सांगता येत नाही.

तिचा उगम एका दुष्काळात आहे आणि त्या दुष्काळानंतर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने घेतलेल्या एका फार मोठ्या निर्णयात आहे.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं: खडी फोडणाऱ्या बायका, मातीच्या पाट्या वाहणारी रांग.)

पावसाने आधीची दोन वर्षं हात आखडता घेतला होता. १९७२ साली त्याने पाठच फिरवली. अहमदनगर, बीड, उस्मानाबाद, सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग, सगळीकडे विहिरींनी तळ गाठला. जनावरं मिळेल त्या भावाने विकली गेली. काल ज्याच्या रानात मजूर राबत होते, तो शेतकरी आज त्याच मजुरांच्या शेजारी बसून दगड फोडत होता. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर वाटलेली सुकडी, म्हणजे तयार कोरडा आहार. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. 'बहात्तरचा दुष्काळ' एवढं म्हटलं की त्या पिढीला पुढचं काही सांगावं लागत नाही.

पण दुष्काळी कामांचं एक दुखणं होतं. सरकारने टंचाई जाहीर केली की काम निघायचं, पाऊस पडला की बंद व्हायचं. भूमिहीनाच्या घरात मात्र फेब्रुवारी ते जून ही टंचाई दर वर्षीचीच. चांगल्या पावसाच्या वर्षीही सुगी संपली की हाताला काम नाही. त्याने कोणाकडे जायचं?

(पडद्यावर: सांगली जिल्हा, तासगाव तालुका. विसापूर गावाचा रस्ता.)

हा प्रश्न एक माणूस दुष्काळाच्या आधीपासून विचारत होता. विठ्ठल सखाराम पागे. विसापूरचे. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले आणि १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. सभागृहात सर्वांत उंच खुर्चीवर बसणाऱ्या या माणसाचं लक्ष आपल्या तालुक्यातल्या रिकाम्या हातांवर होतं. साठच्या दशकात त्यांनी तासगाव तालुक्यात प्रयोग करून पाहिला: जो काम मागेल त्याला काम द्यायचं आणि ते काम जमिनीच्या, पाण्याच्या उपयोगी पडेल असं निवडायचं. १९७२ साली वसंतराव नाईकांच्या सरकारने ही कल्पना राज्याची योजना म्हणून स्वीकारली. तेवढ्यात दुष्काळाने गाठलं. टंचाईची कामं पुढे आली आणि योजना दुष्काळ ओसरल्यावर पुन्हा हाती घेतली गेली.

आता खरा पेच उभा राहिला, पैशाचा. टंचाईच्या काळात केंद्राची मदत येते. बारमाही हमीसाठी पैसा राज्यालाच उभा करायचा होता. इथे विधिमंडळाने जे केलं, ते मला आजही भारतीय संसदीय कारभारातलं सर्वांत प्रामाणिक पाऊल वाटतं. 'रोजगार निर्माण करू' एवढं आश्वासन देऊन सरकार थांबलं नाही. त्यासाठी कोणाच्या खिशात हात घालणार, हेही त्याने कायद्यात लिहून दिलं.

१ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी, सगळ्यांवर. त्याच्या जोडीला मोटार वाहन करात वाढ, विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनींवर विशेष आकारणी, शहरांतल्या बिगर-निवासी इमारतींवर उपकर. तुमचं दुकान किंवा कार्यालय असेल तर मालमत्ता कराचं बिल काढून बघा. शिक्षण कराच्या जवळपास 'रोजगार हमी' असं लिहिलेलं सापडेल. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. या करांचं उत्पन्न रोजगार हमी निधीत जमा होईल आणि तेवढीच रक्कम सरकार आपल्या तिजोरीतून घालेल, अशी त्यातली तरतूद.

(पडद्यावर: पाझर तलावाचा भराव. दूरवर काम करणारी माणसं.)

आणि हमी काय होती? ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं. नाही दिलं तर बेरोजगार भत्ता. बाई आणि पुरुषाला एकच दर. कामावर पिण्याचं पाणी, सावली, तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर. जबाबदारी जिल्हाधिकाऱ्याची. काम मागायला आलेली बाई दया मागत नव्हती, कायद्याने दिलेलं मागत होती. विधवा, टाकून दिलेल्या, एकट्या संसार ओढणाऱ्या बायकांना या कामांचा केवढा आधार होता, ते त्या काळचे मस्टर, म्हणजे कामावरची हजेरीपत्रकं, उलगडून पाहिली की कळतं. मजुरांत बायकांचा वाटा फार मोठा होता.

एवढा कर लावूनही सरकार टिकलं कसं, कायदा एकमताने झाला कसा, याचं उत्तर हिशेबात आहे. व्यवसाय कराचा मोठा हिस्सा मुंबई भरत होती. गावात काम मिळालं तर दुष्काळात मुंबईच्या फुटपाथवर येणारे लोंढे कमी होतील, हे शहराला पटणारं होतं. बागायतदाराच्या भागात रस्ते होणार होते, पाझर तलावामुळे त्याच्या विहिरीला पाणी वाढणार होतं. मजुराला मजुरी मिळणार होती. प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडत होतं. मला यात काही गैर वाटत नाही. लोकशाहीत चांगला कायदा असाच तयार होतो.

पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. मस्टरवर खोटी नावं, अर्धवट सोडलेले रस्ते, महिनोन्‌महिने न मिळालेली मजुरी. अधिवेशनामागून अधिवेशनं हे प्रश्न सभागृहात आले. विधिमंडळाने रोजगार हमी योजनेसाठी स्वतःची वेगळी समिती नेमली. ती जिल्ह्याजिल्ह्यांत जाते, कामं बघते, अधिकाऱ्यांना उत्तरं द्यायला लावते. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं तशी योजनेवरची मजुरीही जवळजवळ दुप्पट झाली. त्यानंतर उपलब्ध कामं मात्र आटली. मागेल त्याला काम हे तत्त्व कागदावर तसंच होतं, पण काम काढणाऱ्यांनी हात आखडला, असं अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीवरून दाखवून दिलं. हमीचा कस मजुरी वाढल्यावरच लागतो. त्या वेळी शासन कमी पडलं.

१९९० पासून फळबागांची लागवड योजनेला जोडली गेली. आंबा, डाळिंब, संत्रा, काजू. आज कोकणात आणि सोलापूर, नगरच्या माळांवर दिसणाऱ्या कित्येक बागांची खड्डे खणण्याची मजुरी या निधीतून गेली आहे.

(पडद्यावर: संसद भवन.)

२००५ मध्ये संसदेने देशासाठी ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पायाशी होता. वर्षाला प्रत्येक कुटुंबाला शंभर दिवस आणि अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्राचा. महाराष्ट्राने आपला कायदा त्याला जुळवून घेतला. शंभरच्या पुढच्या दिवसांचा भार राज्याने उचलायचा.

तेव्हापासून राज्याच्या निधीवरचं लक्ष सैल झालं. निधीसाठी जमा होणारी रक्कम आणि रोजगार हमीवर प्रत्यक्ष होणारा खर्च यांत अनेक वर्षं तफावत होतीच. महालेखापरीक्षकांनी त्यावर बोट ठेवलेलं आहे. रस्त्यावर काम मागायला कोणी दिसत नाही, असं कारण सांगितलं जातं. पण ज्या तहसील कचेरीत काम मागण्याचा नमुना ४ चा अर्ज घेऊन त्याची पोच दिली जात नाही, तिथे मागणी नोंदणार तरी कुठे? अर्जाची पोच नाही म्हणजे पंधरा दिवसांची मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणजे भत्ताही नाही.

दुसरी गोष्ट कराच्या मर्यादेची. व्यवसाय कर वर्षाला अडीच हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा संविधानाच्या २७६ व्या कलमात आहे. ती आधी अडीचशे रुपये होती आणि १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने अडीच हजार झाली. तेव्हापासून ती जागची हललेली नाही. महिन्याला बारा हजार मिळवणारा सुरक्षारक्षक आणि पाच लाख मिळवणारा अधिकारी आज सारखाच कर भरतात. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२,००० करा म्हटलं, पंधराव्याने १८,०००. संसदेने अजून हात लावलेला नाही. महाराष्ट्राने २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना या करातून वगळलं, ते योग्यच झालं. वरच्या टोकाला मात्र राज्याचे हात बांधलेले आहेत.

एक साधं गणित करू. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये. एका पगारदाराचा वर्षभराचा व्यवसाय कर म्हणजे एका मजुराचे आठ दिवस. कायद्याप्रमाणे सरकारने तेवढेच घातले की सोळा दिवस.

हे गणित आता अचानक महत्त्वाचं झालं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. ग्रामविकास मंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्याचं समर्थन करताना शंभरच्या जागी एकशे पंचवीस दिवसांच्या हमीवर भर दिला. विरोधकांचा आक्षेप पैशाच्या वाटणीवर होता, कारण आता बहुतेक राज्यांना खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलायचा आहे. अनेक राज्यं हा पैसा कुठून आणायचा या विवंचनेत आहेत. महाराष्ट्राकडे मात्र नेमका याच कामासाठी पन्नास वर्षांपूर्वी लावलेला कर आहे आणि त्याचा निधी कायद्याने ठरवून दिलेला आहे.

म्हणून पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदारांनी अर्थमंत्र्यांना दोन आकडे विचारावेत. रोजगार हमीच्या नावाने वर्षभरात किती जमा झालं, आणि त्यातलं मजुराच्या खात्यात किती गेलं. दोन्ही आकडे जिल्हावार, सभागृहाच्या पटलावर.