चार दिवस उशिरा आलेला उमेदवार

[पडद्यावर: बर्फाचे ढीग लागलेला रस्ता, दारांवर टकटक करणारी मुलं. कृष्णधवल.]

मार्च १९६८. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं न्यू हॅम्पशायर हे चिमुकलं राज्य. दारोदार फिरणारी ही पोरं कॉलेजातली आहेत. ज्या काळात लांब केस ही तरुणाईची निशाणी होती, त्या काळात यांतल्या कित्येकांनी इथं येण्याआधी केस कापले, दाढ्या उतरवल्या. दार उघडणारी आजी दचकायला नको, एवढंच कारण. दाढीवर ज्यांचा जीव होता, त्यांना प्रचार कार्यालयाच्या मागच्या खोलीत पाकिटं चिकटवायला बसवलं जाई.

ही सगळी धडपड युजीन मॅकार्थी या माणसासाठी. मिनेसोटाचे सिनेटर. (कम्युनिस्ट शोधत सुटलेले ते जोसेफ मॅकार्थी वेगळे. आडनावापलीकडे दोघांत काही समान नाही.) पूर्वी प्राध्यापकी केलेली, काही महिने मठात राहून साधू होण्याचा विचारही करून पाहिलेला. कविता करायचे. भाषण असं सावकाश, कोरडं, की सभेला आलेल्या माणसाला टाळी नेमकी कुठं वाजवायची ते कळत नसे.

आणि लढत होती थेट राष्ट्राध्यक्षांशी. लिंडन जॉन्सन, तेही स्वतःच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे. पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी राज्याराज्यांत जे मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये तीच होती. मुद्दा एकच, व्हिएतनामचं युद्ध.

[पडद्यावर: जॉन्सन, युद्धाची दृश्यं.]

गोष्ट खरं म्हणजे याच्याही आधी सुरू होते. १९६७ मध्ये अ‍ॅलर्ड लोवेनस्टीन नावाचा कार्यकर्ता जॉन्सनविरुद्ध उभा राहील असा माणूस शोधत देशभर हिंडत होता. पहिल्यांदा तो गेला रॉबर्ट केनेडींकडे. हत्या झालेले राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे धाकटे भाऊ, न्यूयॉर्कचे सिनेटर. नाव, पैसा, माणसं, सगळं घरचंच. केनेडींनी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. जॉन्सन आणि केनेडी यांचं वैर जगजाहीर होतं. उभं राहिलं तर लोक म्हणणार, हा युद्धाचा प्रश्न नाही, घरचा हिशेब आहे. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांनीही नकार दिला. फिरत फिरत लोवेनस्टीन मॅकार्थींपर्यंत पोचला. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी उमेदवारी जाहीर केली. राजकारणातल्या जाणत्या मंडळींनी या घोड्यावर दमडी लावली नसती.

३० जानेवारी १९६८. वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांबरोबर न्याहारी करताना केनेडी पुन्हा सांगतात, आज दिसतेय त्या कुठल्याही परिस्थितीत मी जॉन्सन यांच्याविरुद्ध उभा राहणार नाही. नेमक्या त्याच सुमारास व्हिएतनाममधून बातम्या येऊ लागतात. टेट हा तिथला नववर्षाचा सण. तो मुहूर्त साधून शत्रूनं शहराशहरांत एकाच वेळी हल्ले चढवलेत. सायगावमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारातही शिरलेत. युद्ध आपण जिंकत आलोय, असं सरकार महिनोन्‌महिने सांगत होतं. न्याहारी संपेपर्यंत परिस्थिती पालटली होती.

[पडद्यावर: मतमोजणीचा फळा.]

१२ मार्चचा निकाल. जॉन्सन ४९ टक्क्यांच्या थोडे वर, मॅकार्थी ४२. म्हणजे मॅकार्थी हरले. पण बाजी मारली त्यांनीच. जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंच नव्हतं, समर्थकांनी ते हातानं लिहायचं होतं. राष्ट्राध्यक्षाला एवढी मेहनत घेऊन पन्नास टक्केही मिळू नयेत, हीच खरी बातमी ठरली.

इथं एक गंमत सांगायला हवी, कारण पुढं हीच गोष्ट उलटून मॅकार्थींच्याच अंगावर येणार आहे. पक्षाचा उमेदवार शेवटी ठरतो तो अधिवेशनात, आणि तिथं जाणारे प्रतिनिधीही याच मतदानात निवडायचे होते. एकूण २४ जागा. जॉन्सन यांच्या बाजूनं जागांपेक्षा कितीतरी जास्त लोक उभे राहिले, मतं आपापसांत फुटली, आणि मतांत मागं असलेल्या मॅकार्थींनी २४ पैकी २० जागा नेल्या. त्या रात्री मतविभागणीनं दुबळ्याला तारलं.

पुढच्याच दिवशी, १३ मार्चला, रॉबर्ट केनेडी पत्रकारांना सांगतात, आपण फेरविचार करतोय.

[शांतता. मग विमानाचा आवाज.]

१५ मार्चच्या रात्री धाकटे भाऊ टेड केनेडी विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे गावी पोचतात. मॅकार्थी तिथं पुढच्या लढतीसाठी उतरलेत, आणि झोपलेत. त्यांना उठवलं जातं. एकमेकांच्या आड न येता, राज्यं वाटून घेऊन लढता येईल का, याची चाचपणी होते. मॅकार्थींना त्यात रस नसतो. १६ मार्चला, निकालानंतर बरोबर चौथ्या दिवशी, रॉबर्ट केनेडी उमेदवारी जाहीर करतात. सिनेटचं तेच दालन, जिथं १९६० मध्ये थोरल्या भावानं घोषणा केली होती. आपली उमेदवारी मॅकार्थींच्या विरोधात नसून त्यांच्या सुरात सूर मिळवणारी आहे, असंही ते म्हणतात.

मॅकार्थींच्या पोरांना काय वाटलं असेल, त्यासाठी आपल्याकडं तयार शब्द आहे. आयत्या बिळावर नागोबा. तिकडे मरे केम्प्टन या स्तंभलेखकानं लिहिलं, की लढाई संपल्यावर डोंगरावरून खाली येऊन जखमींना गोळ्या घालणारा हा माणूस.

केनेडींच्या माणसांचं म्हणणं वेगळं होतं. निर्णय न्यू हॅम्पशायरच्या आधीच होत आला होता, आणि मॅकार्थी शेवटपर्यंत जिंकू शकत नाहीत. यातलं दुसरं वाक्य मला खोटं म्हणता येत नाही. काळ्या वस्त्यांत, मेक्सिकन मजुरांत केनेडींच्या गाडीभोवती जी गर्दी उसळायची, तिच्या आसपासही मॅकार्थी कधी गेले नाहीत. पण मॅकार्थी एकटे उभे राहिले नसते, तर केनेडींना उभं राहायला जमीन तरी कुठं होती?

उशिरा येणारा नेमकं काय नेतो? सगळे म्हणतात मतं. मतं नंतर जातात. आधी जातात माणसं. भाषणं लिहिणारे रिचर्ड गुडविन न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकार्थींसाठी राबले होते. मूळचे केनेडींच्या गोटातले. विस्कॉन्सिन आटोपून ते केनेडींकडं परतले. जाताना त्यांनी मॅकार्थींपासून काही लपवलं नाही, आणि त्यांच्याविषयी कटुताही फारशी उरली नाही. पण अशा प्रत्येक जाण्यानं मागं राहिलेल्याला एक प्रश्न पडतो. आपण अजून इथं का आहोत?

आणि माणसांच्या मागोमाग जाते गोष्ट. 'राजाला आव्हान देणारा एकमेव' ही मॅकार्थींची गोष्ट होती, त्यांच्याकडं तेवढंच भांडवल होतं. आता ते 'दोघांपैकी एक' झाले. बातम्यांचे मथळे केनेडी विरुद्ध जॉन्सन असे येऊ लागले.

[पडद्यावर: दूरचित्रवाणीवर जॉन्सन.]

मग ३१ मार्च. जॉन्सन देशाला उद्देशून बोलतात आणि भाषणाच्या शेवटी सांगतात, पक्षाची उमेदवारी मी मागणार नाही, दिली तरी स्वीकारणार नाही. दोनच दिवसांनी विस्कॉन्सिनमध्ये मॅकार्थी ५६ टक्के मतं घेऊन जिंकतात, पण ज्याला हरवायचं तो मैदानातच नसतो. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन लूथर किंग यांची हत्या होते.

२७ एप्रिलला आणखी एक उशिरा येणारा. उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री. हेही मिनेसोटाचेच, मॅकार्थींचे जुने सहकारी. बहुतेक राज्यांत नाव नोंदवायची मुदत टळून गेली होती. हम्फ्रींचं त्यानं काही अडलं नाही. त्या काळी बहुसंख्य प्रतिनिधी मतदारांनी नव्हे, राज्याराज्यांतल्या पक्षपुढाऱ्यांनी निवडलेले असत. एकाही प्रायमरीत न उतरता ते थेट पुढाऱ्यांकडं गेले.

म्हणजे उन्हातान्हात झुंजत होते दोघे युद्धविरोधक, एकमेकांशीच. इंडियानात केनेडी ४२ टक्के, मॅकार्थी २७. नेब्रास्कातही केनेडी. मग २८ मे, ओरेगन, आणि मॅकार्थी जिंकतात. ४४ विरुद्ध ३८. केनेडी भावांपैकी कुणी निवडणूक हरण्याची ही पहिली वेळ. मला राहून राहून वाटतं, की स्पर्धक आला म्हणूनच मॅकार्थींची जीभ थोडी तिखट झाली. एरवी प्रचारातही त्यांचा वर्ग चालू असल्यासारखा भासे.

ओरेगनमधली आणखी एक गोष्ट. मतदानाच्या आदल्या दिवशी रोझबर्ग या गावी केनेडी बंदुकांवर निर्बंध हवेत असं बोलले. समोर विरोधाचे फलक होते.

त्या भाषणानंतर नवव्या दिवशी, कॅलिफोर्निया ४६ विरुद्ध ४२ असं जिंकून, लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलात विजयाचं भाषण आटोपून ते स्वयंपाकघराच्या वाटेनं बाहेर पडत होते. तिथं त्यांना गोळ्या लागल्या. ६ जूनला ते गेले.

[पडदा काळा. काही क्षण निवेदन नाही.]

यानंतर केनेडींची माणसं मॅकार्थींकडं वळायला हवी होती. काही वळली, गुडविनही परतले. पण तीन महिन्यांत बोललेलं सगळं पुसलं जात नाही. मॅकार्थीही आतून विझल्यासारखे झाले, प्रचार जवळपास थांबला. ऑगस्टमध्ये केनेडींच्या अनाथ प्रतिनिधींना गोळा करायला तिसरा उशिरा येणारा उभा राहिला. पहिल्यांदा नाही म्हणालेले तेच जॉर्ज मॅकगव्हर्न.

शिकागोच्या अधिवेशनात मतं पडली, हम्फ्री सुमारे १,७६०, मॅकार्थी ६०१, मॅकगव्हर्न १४६ च्या वर. प्रायमरींत मॅकार्थींना जवळपास २९ लाख लोकांनी मतं दिली होती, केनेडींना २३ लाखांनी, हम्फ्रींना दोन लाखांनीही नाही. नोव्हेंबरमध्ये हम्फ्री रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्याकडून सुमारे पाच लाख मतांनी हरले. मॅकार्थींनी हम्फ्रींना पाठिंबा जाहीर केला होता. मतदानाला आठवडा उरला असताना, आणि तोही तोंडदेखला.

प्रतिनिधी निवडायचे नियम नंतर बदलले. बदलणाऱ्या समितीचे पहिले अध्यक्ष होते मॅकगव्हर्न, आणि १९७२ मध्ये त्याच नियमांनी उमेदवारी मिळवली तीही मॅकगव्हर्न यांनीच.

[पडद्यावर: शिकागो, कॉनरॅड हिल्टन हॉटेल.]

अधिवेशन संपल्यावरची पहाट, ३० ऑगस्ट. हॉटेलबाहेर दोन रात्रींपूर्वी पोलिसांनी निदर्शकांना झोडपलं होतं, तेव्हा जखमींची मलमपट्टी हॉटेलात पंधराव्या मजल्यावर झाली होती, मॅकार्थींच्या कार्यकर्त्यांच्या खोल्यांत. आज पोलीस त्या मजल्यावर चढलेत. खिडक्यांतून काहीबाही फेकलं, असा आरोप. केस कापून न्यू हॅम्पशायरला गेलेल्या मुलांचेच हे सोबती. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी झोपलं होतं. लाठ्या पडतात, सगळ्यांना खाली आणलं जातं.

मॅकार्थी खाली येतात. आपली मुलं सुखरूप शहराबाहेर पडेपर्यंत ते त्या दिवशी निघत नाहीत.