पहिल्या सरीचा रस्ता

जून महिन्यातली रात्र. आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, पहिली मोठी सर येऊन गेली आहे आणि जांभ्याच्या खळग्यांत जेमतेम चार बोटे पाणी साचले आहे. त्या पाण्याच्या कडेला बसलेला, अंगठ्याएवढा, दोन्ही कुशींवर वाघासारखे पट्टे असलेला हा जीव म्हणजे आंबोली टोड, बेडकाचाच खडबडीत कातडीचा भाऊबंद. ही स्वतंत्र जात असल्याचे २००९ साली जाहीर झाले. तिची जवळची नातलग, कोयना टोड, कोयनेच्या परिसरात राहते. आंबोली टोडचे घर मात्र या सड्यांपुरतेच असल्याने संकटातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे.

वर्षभराचे प्रजनन या सुरुवातीच्या पावसातल्या मोजक्या रात्रींत उरकायचे असते. कातळाखालून निघून डबक्यापर्यंत जाताना वाटेत सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता लागला, की बेडूक उड्या मारून कसाबसा पलीकडे जातो. टोड मात्र सरपटल्यासारखा संथ चालतो आणि दिव्यांचा झोत अंगावर आला की जागीच थबकतो. चिरडलेल्या मादीबरोबर तिच्या पोटातली अंडीही जातात. पाय नसलेले, गांडुळासारखे दिसणारे, पण बेडकांसारखेच उभयचर असलेले देवगांडूळही याच ओल्या रात्री बाहेर पडते आणि ते चाकाखाली आल्याचे चालकाला कळतही नाही.

या मृत्यूंच्या खुणा निदान सकाळपर्यंत डांबरावर दिसतात. दुसरे संकट दिसत नाही, आणि मला त्याचीच धास्ती अधिक वाटते. ज्या सरी बेडकांना बाहेर बोलावतात, त्याच सरी ऑक्टोबरपासून रस्त्यावर साचलेले तेल, टायरची झीज आणि धुरातली काजळी धुऊन खाली आणतात. रस्त्याकडेच्या या डबक्यावरचा सप्तरंगी तवंग नीट पाहा. भरल्या ओढ्यात तो विरून गेला असता. इथे ओंजळभर पाण्यात त्याला विरायला जागाच नाही, आणि त्याच पाण्यात अंडी आहेत. उभयचरांची त्वचा पातळ आणि पाझरणारी असते. ते तिच्यातून श्वास घेतात, पाणीही तिच्यातूनच शोषतात. साहजिकच पाण्यात मिसळलेले कीटकनाशक किंवा साबण थेट शरीरात उतरते.

युरोपात बेडकांसाठी रस्त्याखालून बोगदे काढतात. इंग्लंडमधल्या हेन्लीजवळ असा बोगदा १९८७ सालापासून आहे. आपल्या घाटरस्त्यांखाली मोऱ्या आहेतच, पण वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आंबोलीत त्या ऐन पावसात दुथडी वाहतात, तेव्हा आत कोरडा कट्टा बांधल्याशिवाय टोडला त्यांचा उपयोग नाही. तोवर सड्यावर गाडी न चढवणे, ओहोळात गाड्या न धुणे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री सड्यालगतच्या पट्ट्यात वाहतूक रोखणे, निदान तिचा वेग अगदी कमी ठेवणे, एवढे याच जूनपासून करता येईल.