पिठल्यातली गुठळी आणि फ्लास्कमधली बुरशी

हे दोन फ्लास्क मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. कापसाचे बोळे मात्र काढू नका. दोन्हींत एकच बुरशी आहे, अ‍ॅस्परजिलस नायगर. कांद्याच्या सालीवर काळी पूड दिसते ना, तीच. मिडियम, म्हणजे बुरशीचं पातळ खाद्य, एकच; फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र, शेकर, तेही एकच. तरी एकात साबुदाण्यासारखे दाणे फिरताहेत आणि दुसऱ्यात आंबिलीसारखा लगदा. पहिल्यात मिलिलिटरमागे साधारण १० हजार बीजाणू सोडले होते, दुसऱ्यात १० लाखांहून जास्त. बस, एवढाच फरक.

हे बीजाणू सहजी भिजत नाहीत, एकमेकांना चिकटतात. अंकुर फुटायच्या आधीच गुठळी धरते. पिठल्याच्या पाण्यात बेसन भसकन टाकलं की होतं ना, तसंच. ती गुठळी फोडली की आत पीठ कोरडंच! दाण्याचंही तेच. दाट दाण्यात प्राणवायू मिलिमीटरचा थोडासाच भाग आत शिरतो, त्यामुळे मोठा दाणा कापला तर मधे बरेचदा पोकळ निघतो. स्वयंपाकघरात गुठळी झाली की बोलणी खावी लागतात. लिंबूसत्वाच्या, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिडच्या, कारखान्यात मात्र बारीक दाणेच हवे असतात. मिडियम पातळ राहतं, हवा नीट मिसळते. आपण संत्र्याच्या गावचे खरे, पण सरबताच्या पाकिटातलं लिंबूसत्व याच काळ्या बुरशीचं.

विद्यार्थी येतात, 'सर, शेकरचा वेग वाढवला, वाढ जास्त झाली, म्हणजे प्राणवायूमुळेच.' अरे बाबा, वेगानं प्राणवायू वाढला तसे बुरशीचे तंतूही तुटले. श्रेय कुणाला देणार? पीएच तर कुणी हात न लावता उतरतो, कारण बुरशी स्वतःच आम्ल सोडते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी १९१७ मध्ये दाखवलं, की भरपूर साखर आणि चांगलंच आंबट मिडियम असेल तर ही बुरशी लिंबूसत्व भरभरून देते. आणि आमची मुलं पीएच फक्त पहिल्या दिवशी मोजतात! लग्नाचा फोटो पाहून संसार कसा चाललाय ते सांगण्यासारखं आहे हे.

तापमानाचं काय सांगू? आमच्या जुन्या शेकरला नुसता हीटर. त्यावर ३० अंश लावून ठेवा, नागपूरच्या मे महिन्यात तो खोलीइतकाच तापणार.

अशाच एका मे महिन्यात शनिवारी रात्री वीज गेली. परत आली, पण शेकर बटण दाबल्याशिवाय सुरू होत नसे. सोमवारी पाहतो तर प्रत्येक फ्लास्कवर जाड पांढरी साय, कडेला काळपट झाक. मी वैतागलो. मग आठवलं, की फायझर कंपनीनं १९१९ मध्ये बुरशीपासून लिंबूसत्व काढायला सुरुवात केली ती उथळ ताटांतल्या अशाच सायीवर. मग ती गाळली, धुतली, ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवली. बुरशीची वाढ अशीच मोजावी लागते, जिवाणूंसारखा गढूळपणा मोजून भागत नाही. वजनं मिळाली, पण तक्त्यात घेता आली नाहीत. शेकर नक्की किती वाजता थांबला, तेच वहीत लिहिता येईना.

फ्लास्क कुठपर्यंत पोचले? दाणे खाली बसले असतील, जरा गोल फिरवा.